रांगेची कुळकथा

माणसाला विस्तव केव्हा सापडला, चाक केव्हा सापडले, ह्याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. रांग केव्हा सापडली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. रांग ही जणू पावसासारखी आपोआप पडणारी गोष्ट आहे, अशी आपली समजूत असते. वास्तविक रांग ही माणसाने बनवलेली वस्तू आहे. तिला जन्म आहे, बाळपण आहे, तारुण्य आहे. आणि अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत तिच्या घरात अशी काही भाऊबंदकी माजली आहे की तिचा इतिहास सांगावयाची हीच वेळ आहे असे वाटते.

दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह एखाद्या मोठ्या करमणूक-उद्यानात, म्हणजे आजच्या भाषेत थीम पार्कात, गेलेल्या कुटुंबाने संध्याकाळी दिवसाचा जमाखर्च मांडावा. पैशांचा नव्हे, वेळेचा. उद्यानात काढले आठ-नऊ तास. त्यांत प्रत्यक्ष खेळात बसून झाले किती? एकेक खेळ तीन-चार मिनिटांचा. सारे मिळून अर्धा तास भरला तरी नशीब म्हणावयाचे. जेवण, खाणे, फोटो आणि स्वच्छतागृह वजा जाता उरलेला दिवस गेला तो पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहण्यात. ही पाठ पाहण्याची शिक्षा टळावी म्हणून जगातील फार मोठ्या उद्यानांनी जी युक्ती काढली, ती म्हणजे ठराविक वेळेची चिठ्ठी. “आत्ता उभे राहू नका, अडीच ते साडेतीनच्या दरम्यान या, तुम्हांला बाजूच्या वाटेने आत सोडू,” असे सांगणारी चिठ्ठी. ऐकावयास किती सोपे! पण ह्या चिठ्ठीपर्यंत पोहोचावयास माणसाला दीडशे वर्षे लागली, आणि पोहोचल्यावर तिचे पुढे काय झाले, ती कथा त्याहून उद्बोधक आहे.

शेपटाचा जन्म

इंग्रजीतला ‘क्यू’ हा शब्द फ्रेंचांकडून आला. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ शेपूट. पॅरिसच्या पाववाल्यांच्या दुकानांपुढे भुकेलेले लोक एकामागे एक उभे राहात, त्याचे वर्णन टॉमस कार्लाईल ह्या स्कॉटिश ग्रंथकाराने फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या १८३७ च्या ग्रंथात केले, आणि आधुनिक रांगेचे ते अगदी आरंभीचे वर्णन मानले जाते. म्हणजे रांगेचा जन्म टंचाईच्या पोटी झाला. राज्यक्रांतीने समतेची घोषणा केली. पण त्या घोषणेचे रोजच्या व्यवहारातील रूप पाहावयाचे तर ते ह्या शेपटात. सरदाराची बायको असो की धोब्याची, आधी आली तिला आधी पाव.

त्यापूर्वी गर्दी नव्हती असे नाही. जत्रा होत्या, उरूस होते, राजाच्या मिरवणुका होत्या. पण तेथे गर्दी असे ती घोळक्याची. ज्याच्या कोपरात बळ, तो पुढे. गर्दीची चाळण करून तिचे प्रवाह वेगळे करावेत, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर दिसते ती १८५१ साली, लंडनच्या हाईड पार्कातील महाप्रदर्शनात. जोसेफ पॅक्स्टनने उभारलेल्या काचेच्या महालात जगभरचा माल मांडला होता. आपल्या हिंदुस्थानातून आदल्याच वर्षी गेलेला कोहिनूर तेथे पिंजऱ्यात ठेवला होता, आणि तो अपेक्षेइतका लखलखत नाही म्हणून बघे हिरमुसत होते!

ह्या प्रदर्शनाच्या चालकांनी गर्दी आवरावयास दिवसांचे भाव ठरवले. पहिल्या दिवशी, १ मे रोजी, प्रवेश फक्त हंगामी तिकीटवाल्यांना. ते तिकीट पुरुषांना तीन गिनींचे आणि बायकांना दोन गिनींचे. पुढचे दोन दिवस एकेक पौंड. मग पाच शिलिंग. आणि २६ मेपासून सोमवार ते गुरुवार अवघा एक शिलिंग. शुक्रवारी अडीच, शनिवारी पाच. शिलिंगवाला कामकरी वर्ग आला की दंगल होईल, अशी धास्ती पुष्कळ बड्या लोकांना होती. तसे काहीच झाले नाही. लोक आले, शिस्तीने पाहून गेले. प्रदर्शन संपेतोवर साठ लाखांवर भेटी झाल्या. गर्दी वेळेत वाटून दिली तर ती शहाण्यासारखी वागते, हा पहिला धडा येथे मिळाला. मात्र ही वाटणी पैशाच्या सुरीने केली होती, हेही ध्यानात ठेवावे. ती सुरी पुढे पुन्हा बाहेर निघणार आहे.

एक डॉलर आणि अठ्ठावीस हजार माणसे

अमेरिकेत करमणुकीच्या उद्यानांचे माहेरघर म्हणजे न्यूयॉर्कजवळचे कोनी आयलंड. तेथे १८८४ साली लामार्कस टॉम्सनने आपली घसरती आगगाडी सुरू केली. भाडे पाच सेंट, आणि वेग ताशी सुमारे सहा मैल, म्हणजे आपल्या टांग्याइतका! तरी लोकांची झुंबड उडाली. पुढे १८९७ साली जॉर्ज टिल्यू ह्या गृहस्थाने ‘स्टीपलचेस पार्क’ काढले आणि पंचवीस सेंटांत पंचवीस खेळ असे एकत्र तिकीट विकले. खेळागणिक पैसे की एकदाच पैसे, हा वाद तेव्हापासूनचा. वरवर पाहता हा हिशेबनिसाचा वाद. पण रांग लांब होणार की आखूड, हे पुष्कळसे त्यावरच ठरते.

ह्या वादाचा खरा निकाल लागावयाचा होता तो कॅलिफोर्नियात. वॉल्ट डिस्नेने ॲनाहाइम गावाजवळ संत्र्यांच्या बागा तोडून डिस्नेलँड उभारले आणि १७ जुलै १९५५ रोजी त्याचे उद्घाटन केले. तो दिवस निमंत्रितांचा होता. पण निमंत्रणपत्रिका बनावट छापल्या गेल्या, आणि अपेक्षेहून कितीतरी अधिक, सुमारे अठ्ठावीस हजार माणसे आत शिरली. ऊन असे की ताज्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतू लागल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पाणी पिण्याचे नळही बरेचसे कोरडे होते. हा सगळा सोहळा दूरचित्रवाणीवर थेट दाखवला जात होता, आणि तो दाखवणाऱ्या तिघा निवेदकांपैकी एक होते रोनाल्ड रेगन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले! डिस्नेच्या माणसांनी ह्या दिवसाला ‘काळा रविवार’ असे नाव ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून सामान्य जनांना प्रवेश मिळू लागला. प्रवेशमूल्य मोठ्यांना एक डॉलर, मुलांना अर्धा. आत गेल्यावर प्रत्येक खेळाला वेगळे पैसे. म्हणजे प्रत्येक खेळाशी दोन रांगा: एक तिकिटाची, दुसरी खेळाची. हे फार दिवस चालणार नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिकिटांचे पुस्तक निघाले.

ए, बी, सी, डी, ई

हे तिकीट-पुस्तक म्हणजे रांगेच्या इतिहासातील एक नामी चीज होती. त्यात आधी ए, बी आणि सी अशा तीन वर्गांची तिकिटे असत. १९५६ साली डी आले. १९५९ साली मॅटरहॉर्न पर्वतावरची घसरगाडी, पाणबुडीची सफर आणि एकरुळी गाडी असे तीन मोठे खेळ सुरू झाले, आणि त्यांच्यासाठी सर्वांत वरचे ई तिकीट निघाले. ए तिकिटावर लाकडी घोड्यांचे चक्र किंवा मुख्य रस्त्यावरची घोडागाडी. ई तिकिटावर काळजाचा ठोका चुकवणाऱ्या सफरी.

ह्यातली मेख पाहा. पुस्तकात ई तिकिटे मोजकीच. ती संपली की माणूस आपोआप सी आणि बी वर्गाच्या खेळांकडे वळे, कारण हाती असलेले तिकीट फुकट घालवणे कोणाच्या जिवावर येणार नाही? अशा रीतीने एकही पोलीस न नेमता, एकही दोरी न बांधता, गर्दी साऱ्या उद्यानभर पसरत असे. तरीही घरी परतताना पुष्कळांच्या खिशात ए आणि बी तिकिटे उरतच. अमेरिकेतल्या कितीएक घरांच्या खणांत ती वर्षानुवर्षे पडून होती.

ई तिकीट हा तर तिकडे वाक्प्रचारच होऊन बसला. १९८३ साली सॅली राइड ही पहिली अमेरिकन महिला अवकाशात गेली, तेव्हा उड्डाणानंतर तिने पृथ्वीवरच्या सहकाऱ्यांना हाच दाखला दिला: ही सफर नक्कीच ई तिकिटाची आहे! आणि मौज अशी की, तिने हे उद्गार काढले तेव्हा ते तिकीट अस्तित्वात राहिले नव्हते. आदल्याच वर्षी, १९८२ साली, डिस्नेने पुस्तके बंद केली होती. एकदा दाराशी पैसे भरा आणि दिवसभर वाटेल तितके खेळा, अशी नवी व्यवस्था आली. टिल्यूच्या पंचवीस सेंटी तिकिटाचाच हा थोरला अवतार.

गिऱ्हाईक खूश झाले. पण तिकिटाचा बांध फुटल्यावर पाणी कोठे वाहणार? उताराकडेच. सारे लोक उत्तम खेळांकडे धावले. पूर्वी जी किंमत तिकिटाने वसूल होत असे, ती आता पायांनी वसूल होऊ लागली. रांग ही एक किंमतच आहे. फक्त ती पैशाऐवजी मिनिटांत मोजावयाची, एवढे ह्या फेरफाराने उघड केले.

गणिती आणि मानसशास्त्रज्ञ

रांगेचे शास्त्र तोवर बरेच पुढे गेले होते. त्याचा पाया घातला कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एका डॅनिश गणितज्ञाने. त्याचे नाव ॲग्नर एर्लांग. इतके लोक फोन लावणार, तर तारा किती हव्यात, ह्या प्रश्नावर त्याने १९०९ साली निबंध लिहिला. पुढे १९६१ साली जॉन लिटल ह्या अमेरिकन प्राध्यापकाने एका सोप्या नियमाची सिद्धता दिली. तो नियम गृहिणीलाही पटावा असा आहे. रांगेत सहाशे माणसे आहेत आणि खेळात ताशी बाराशे माणसे बसतात, तर शेवटच्या माणसाला अर्धा तास थांबावे लागणार. रांगेला तुम्ही वेटोळी द्या, छप्पर द्या, गाणी लावा; अर्धा तास तो अर्धा तासच.

मग उपाय दोनच. एक, खेळाची क्षमता वाढवणे. ह्यासाठी डिस्नेच्या कारागिरांनी कधीच न थांबणाऱ्या आसनांची साखळी बनवली. माणसे सरकत्या पट्ट्यावरून चालत येऊन चालत्या आसनातच बसतात. हे तंत्र १९६७ सालचे. दुसरा उपाय, अर्धा तास अर्ध्या तासासारखा वाटू न देणे. १९८५ साली डेव्हिड माईस्टर ह्या लेखकाने थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबावयाचे हे ठाऊक नसले की अधिक लांब वाटतो. आणि अन्याय होतो आहे असे वाटले की सर्वांत लांब वाटतो, असा त्याचा मथितार्थ. म्हणून रांगेच्या तोंडाशी ‘येथून पंचेचाळीस मिनिटे’ अशी पाटी आली. म्हणून रांगेच्या वाटेवर चित्रे, पुतळे आणि कोडी आली. फ्लोरिडातील उद्यानात उडत्या डंबो हत्तीच्या खेळापाशी २०१२ साली तर रांगच काढून तेथे मुलांना खेळावयास अंगण दिले. आईबापांच्या हाती एक छोटे यंत्र द्यावयाचे. पाळी आली की ते थरथरते. मुले बिचारी आपण थांबलो आहोत हेच विसरून जातात!

करमणुकीच्या बाहेरही हा प्रश्न पेटलेला होताच. १९७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये तुतनखामेनच्या थडग्यातील वस्तू मांडल्या, तेव्हा लोक आठ-आठ तास रांगेत उभे होते. नऊ महिन्यांत सोळा लाखांहून अधिक लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. तीन हजार वर्षे अंधारात वाट पाहिलेल्या राजाला आठ तासांचे काय, पण बघणाऱ्यांच्या पायांना ते भारी पडले. आज कोणतेही मोठे प्रदर्शन ठराविक वेळेच्या तिकिटाशिवाय क्वचितच भरते.

हंड्यांची रांग

आणि १९९९ साली डिस्नेने ‘फास्टपास’ काढला. उद्यानाचे प्रवेशपत्र खेळाशेजारच्या यंत्रात घालावयाचे; यंत्रातून कागदाची चिठ्ठी बाहेर येई; तीवर तासाभराची मुदत छापलेली. तेवढ्या वेळात परत आले की वेगळ्या वाटेने जवळजवळ थेट आत. चिठ्ठीला पैसे नाहीत. एक चिठ्ठी हाती असताना दुसरी लगेच मिळत नसे, त्यामुळे हावरटपणाला लगाम होता. अमेरिकन वर्तमानपत्रांनी ह्या शोधाचे मोठे कौतुक केले.

आपल्याकडच्या चाळीतल्या बायकांना मात्र त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. नळाला पहाटे पाणी यावयाचे असेल तर रात्रीच नळापाशी हंडे, कळश्या, बादल्या ओळीने मांडून ठेवावयाच्या आणि घरी जाऊन निजावयाचे, ही वहिवाट त्यांनी कोणत्याही यंत्रावाचून चालवली होती. रेशनच्या दुकानापुढे पिशवी, रॉकेलच्या गाड्यापुढे डबा, आणि काहीच नसेल तर खुणेचा दगड. वस्तू रांगेत उभी, माणूस मोकळा. फास्टपास म्हणजे हाच हंडा, फक्त कागदाचा. कोणी रात्रीत आपला हंडा पुढे सरकवला की पहाटे जे भांडण जुंपे, तेही पुढे तिकडे वेगळ्या रूपाने जुंपावयाचे होते.

कारण चिठ्ठीचे गणित थोडे निष्ठुर आहे. समजा, एका खेळात ताशी हजार माणसे बसतात. त्यांतल्या आठशे जागा चिठ्ठीवाल्यांसाठी राखल्या, तर साध्या रांगेला उरल्या दोनशे. साध्या रांगेत चारशे माणसे उभी असतील, तर चिठ्ठी नसती तेव्हा तेवढी रांग चोवीस मिनिटांत सरकली असती; आता तिला दोन तास लागतात. अर्थात चिठ्ठी नसती तर ते आठशे लोकही ह्याच रांगेत उभे असते, हे कबूल केले पाहिजे. चिठ्ठीने आसन एकही वाढत नाही आणि कमीही होत नाही. आधी कोणी जावयाचे, एवढेच ती ठरवते.

पण दुसरी एक गोष्ट घडते, ती चटकन ध्यानात येत नाही. पूर्वी माणूस एका वेळी एकाच रांगेत असे. आता त्याची चिठ्ठी एका रांगेत आणि देह दुसऱ्या. ज्या साध्यासुध्या खेळांपुढे एरवी कोणी थांबत नसे, तेथेही हे मोकळे झालेले लोक येऊन उभे राहू लागले. उद्यानाला वाटले होते की मोकळा माणूस दुकानात जाईल, काही खाईल, काही विकत घेईल. तो गेलाही, पण पुष्कळदा तो गेला दुसऱ्या रांगेत. एका घरातला उंदीर हाकलला आणि तो शेजारच्या घरात शिरला, अशातला हा प्रकार झाला.

२०१३ सालापासून फ्लोरिडात कागदाच्या चिठ्ठीची जागा मनगटी पट्ट्याने आणि दूरध्वनी-यंत्राने घेतली. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना साठ दिवस आधी तीन खेळांच्या वेळा ठरवता येऊ लागल्या, इतरांना तीस दिवस. मुलाला घसरगाडीत बसावयाचे की नाही, हे बापाने दोन महिने आधी पहाटे उठून ठरवावयाचे! सहलीचा आनंद हा पुष्कळसा अवचितपणात असतो. तो आता आगगाडीच्या आरक्षणासारखा झाला. रांग उद्यानातून निघून घराघरांत जाऊन बसली.

वेळ विकत घेणे

आता ती १८५१ ची सुरी. रांग टाळण्याचा हक्क फुकट वाटण्याऐवजी विकला तर? ही कल्पना इतरांनी आधीच अमलात आणली होती. २००१ च्या सुमारास ‘लो-क्यू’ ह्या ब्रिटिश कंपनीचे ‘क्यू-बॉट’ नावाचे हातात मावणारे यंत्र ‘सिक्स फ्लॅग्स’च्या उद्यानांत भाड्याने मिळू लागले. युनिव्हर्सलच्या उद्यानांत ‘एक्सप्रेस’ पास वेगळी किंमत मोजून मिळतो. डिस्नेने पुष्कळ वर्षे चिठ्ठी फुकट ठेवली. कॅलिफोर्नियात २०१७ साली दहा डॉलरांचा एक जोडपास आला. मग करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, उद्याने बंद झाली. आणि ती पुन्हा उघडली तेव्हा फास्टपास परत आला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात त्याच्या जागी ‘जीनी प्लस’ आला: आरंभी माणशी दिवसाला पंधरा डॉलर, आणि अगदी गाजलेल्या एक-दोन खेळांचे पैसे त्याहून वेगळे. त्या वेगळ्या वाटेला नाव दिले ‘लाइटनिंग लेन’, म्हणजे विजेची वाट. पुढल्या वर्षीपासून गर्दीच्या दिवशी भाव चढा झाला. जुलै २०२४ मध्ये नावे पुन्हा बदलली आणि आगाऊ नोंदणीही पुन्हा आली. त्याच वर्षाअखेर असाही एक पास निघाला की ज्याला वेळेचेही बंधन नाही. त्याची किंमत मात्र गर्दीच्या दिवशी माणशी शेकडो डॉलर.

म्हणजे ई तिकीट परत आले म्हणावयाचे काय? नाही, आणि येथेच खरा मुद्दा आहे. ई तिकीटवाला आणि दुसरा ई तिकीटवाला एकाच रांगेत उभे राहात. तिकिटाने खेळ विकत मिळे. दुसऱ्याच्या पुढची जागा मिळत नसे. विजेच्या वाटेवर विकली जाते ती पुढची जागा. आणि ती पुढे सरकते ती कोणाला तरी मागे सारूनच, कारण आसने तेवढीच आहेत. मायकेल सँडेल ह्या हार्वर्डच्या तत्त्वज्ञाने २०१२ साली पैशाने काय विकत घेऊ नये ह्यावर एक पुस्तक लिहिले, त्याचे पहिलेच प्रकरण रांग मोडण्यावर आहे. करमणूक-उद्यानांतले पासही त्याने दाखल्यादाखल घेतले आहेत.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एखादे कुटुंब आयुष्यात एकदाच, समुद्र ओलांडून, साठवलेल्या पैशांतून एका दिवसासाठी येते. त्याने वेळ विकत घेतला तर त्याला श्रीमंती थाट म्हणता येणार नाही. शिवाय विमानात पुढची जागा महाग असते, नाट्यगृहात असते. मग येथेच का बोट दाखवावे? हा युक्तिवाद दुबळा नाही. पण नाट्यगृहात पुढच्या खुर्चीवाला बसला म्हणून मागच्याचे नाटक उशिरा सुरू होत नाही. रांगेत मात्र तसेच होते.

ह्या साऱ्या भानगडीत एक व्यवस्था फार विचाराची निघाली. अपंग पाहुण्यांना डिस्नेच्या उद्यानांत पूर्वी एक सवलतीचे कार्ड मिळे. त्याचा दुरुपयोग होतो, काही धनिक कुटुंबे अपंग व्यक्तींना भाड्याने घेऊन रांग चुकवतात, अशी बातमी २०१३ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने छापली आणि गदारोळ झाला. त्याच वर्षी नवी पद्धत आली. ज्याला रांगेत उभे राहणे शक्य नाही, त्याने आपले नाव सांगावे. त्या वेळी साध्या रांगेला जितका वेळ लागत असेल, साधारण तितक्याच वेळाने त्याला बोलावतील. २०२४ साली तिचे निकष कडक झाले आणि त्यावर पुष्कळ तक्रारीही झाल्या. तरी तिच्या मुळाशी असलेले तत्त्व सोन्यासारखे आहे: थांबणे सर्वांना सारखे, उभे राहण्याची सक्ती मात्र नाही. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये पैशाचा पास २०२२ साली आला. पण २०२३ मध्ये चाळिसाव्या वर्षानिमित्त काही खेळांसाठी एक फुकट पासही निघाला. म्हणजे दोन्ही वाटा एकाच अंगणात नांदू शकतात, हे जपान्यांनी दाखवले.

देवाच्या दारी

आपल्या लोकांना हा प्रश्न परका वाटू नये, कारण तो आपण देवाच्या दारी रोज पाहतो. तिरुपतीला, जेथे महाराष्ट्रातूनही मोठ्या संख्येने लोक जातात, सर्वदर्शनाची फुकट रांग आहे आणि तीनशे रुपयांचे, दिवस व वेळ ठरलेले विशेष प्रवेशदर्शनही आहे. फुकट रांगेतल्यांनाही वेळेची टोकने वाटण्याची सोय देवस्थानाने केली आहे. आणि थांबलेल्यांना बसावयास मोठमोठ्या खोल्यांचे एक संकुलच बांधले आहे. पेच तोच, उत्तरेही तीच: क्षमता, चिठ्ठी आणि पैसा. फरक इतकाच की, देवळातल्या रांगेत थांबणे हीसुद्धा सेवा आहे असे मानणारा भाविक अजून भेटतो. घसरगाडीच्या रांगेत तसा भाविक भेटणे कठीण.

महाराष्ट्रातही १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड आले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले, आणि करमणुकीची रांग आपल्याही ओळखीची झाली. तेव्हा ह्या कुळकथेतून घ्यावयाचा बोध घरगुतीच आहे. जाणाऱ्याने शक्य तर आडवारी जावे, दार उघडण्याच्या आधी पोहोचावे, मोठे खेळ सकाळीच उरकावेत. लिटलसाहेबांच्या नियमाला ह्याहून स्वस्त उत्तर नाही. पास फुकट असेल तर जरूर घ्यावा. विकत असेल तर घ्यावा की नाही, हे ज्याच्या त्याच्या खिशाने आणि मनाने ठरवावे.

एवढे मात्र विसरू नये. लहान मुलाला न्यायाची पहिली ओळख होते ती कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, रांगेतून. ‘ते आधी आले, म्हणून ते आधी,’ हे त्याला समजते, आणि चडफडत का होईना, पटते. ‘त्यांना उभे राहवत नाही, म्हणून त्यांना बसून थांबू दिले,’ हेही पटते. शेजारच्या वाटेने भरभर पुढे जाणाऱ्या मुलांकडे बोट दाखवून जेव्हा ते विचारते, ‘ती का पुढे गेली?’ तेव्हा उत्तर देणे आईबापांना जड जाते. पॅरिसच्या पावाच्या दुकानापुढे भुकेल्या माणसांनी जे शेपूट लावले, त्यातला प्रत्येकजण हेच मानून उभा होता की आपल्या एका तासाची किंमत शेजाऱ्याच्या एका तासाइतकीच आहे. चिठ्ठीने ती किंमत सांभाळली तर चिठ्ठी भली. सांभाळली नाही, तर रांग कितीही आखूड होवो, माणूस तेवढाच मागे सरकला असे समजावे.